धावदोरी

माझं नाव एका पाखराचं आहे. पाखरू कुठलं ते सांगतो, नाव मात्र इथं लिहिणार नाही. बायकोनं सत्तेचाळीस वर्षं ते तोंडातून काढलं नाही. आता ती गेल्यावर मी ते कागदावर काढायचं म्हणजे तिच्या माघारी तिची खोडी काढल्यासारखं होईल.

पाखरू बारकं, चिमणीच्या मापाचं. वरून मातकट, पोटाला पांढरं, पाय काळे आणि काडीसारखे. पावसाळा सरत आला की आमच्या तलावावर थव्यानं येतं आणि ऊन तापायला लागलं की जातं. पोहत नाही, झाडावर बसत नाही. पाणी संपतं आणि चिखल सुरू होतो त्या पट्ट्यात दिवसभर पळत असतं, आणि पळता पळता चोच चिखलात टुचटुच मारत असतं. त्याला बसलेलं मी क्वचित बघितलं. एवढ्याशा पोटाला इतकी घाई कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

मी लहान असताना आमची मेंढरं त्याच काठाला असायची. माझे पाय तसलेच काडीसारखे आणि मीही एका जागी ठरायचो नाही. आज्यानं मला पाखराच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली आणि ती हाक चिकटली. बारशाला दुसरं काहीतरी ठेवलं होतं म्हणतात, ते आता कुणाला आठवत नाही, मलाही नाही. शाळेत घालताना गुरुजींनी नाव विचारलं, आज्यानं पाखराचंच सांगितलं. चौथीला शाळा सुटली, नाव सुटलं नाही. रेशन कार्डावर तेच, आधार कार्डावर तेच. बँकेतली पोरगी एकदा म्हणाली, "बाबा, हे टोपणनाव झालं. खरं नाव सांगा." मी म्हणालो, "बाई, हेच खरं हाय. खोटं सांगायचं असतं तर चांगलं निवडलं नसतं का?"

आमच्या तलावाची भिंत सातारा जिल्ह्यात आणि शेपूट सांगली जिल्ह्यात. मी भिंतीकडचा, बायको शेपटाकडची. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा बायकांनी तिला घेरलं. नाव घे, नाव घे. ती काहीतरी पुटपुटली. बायका म्हणाल्या, ऐकू आलं नाही, पुन्हा घे. ती म्हणाली, "एकदा घेतलं ते घेतलं. परत मागायला ते काय सुपारी हाय?" मी हातभर अंतरावर बसलो होतो. नेमकी तेव्हाच वाजंत्र्यानं सनईत फुंकर घातली आणि माझं नाव तिच्या तोंडून कसं वाटतं ते ऐकायचं राहिलं. ते कायमचंच राहिलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं मेंढरं घेऊन काठाला होतो. थवा आला. तिनं विचारलं, "आवं, ही कसली पाखरं?"

मला चेष्टा सुचली. म्हणालो, "सांगतो, पण माझ्या मागनं म्हणायचं."

"म्हणती की."

मी नाव सांगितलं. तिनं पदर तोंडात धरला आणि हसू लपवत पार बांधापर्यंत पळत गेली. "आवं, असं कुठं आसतंय व्हय? पाखराला का माणसाचं नाव ठेवत्यात?"

"पाखराला माणसाचं न्हाई. माणसाला पाखराचं."

"मग तर लयच वाईट," ती म्हणाली. "आता मी ह्यास्नी हाक कशी मारू?"

बराच वेळ ती उकिडवी बसून चिखलाकडं बघत राहिली. पाखरं पुढं पळाली होती, मागं त्यांच्या पायांची आणि चोचीची रांग उमटली होती. बारीक बारीक ठिपके, सरळ रेघेत. तिच्या माहेरात सगळ्या बायका वाकळा शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून त्यावर टाके मारत जायचं, सुई खाली, सुई वर, मागं वळायचं नाही. त्या टाक्याला धावदोरा म्हणतात. ती म्हणाली, "ही बघा. चिखलाला धावदोरा घालत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "धावदोरी. माझ्यापुरतं ह्यांचं नाव धावदोरी."

तिच्यापुरतं राहिलं नाही. आमची भावकी मोठी. माझ्या मागून जेवढ्या सुना गावात आल्या त्या सगळ्यांचा मी कुणी ना कुणी लागतो. कुणाचा सासरा, कुणाचा चुलत सासरा, कुणाचा थोरला दीर. त्यांना माझं नाव घेता येत नाही, म्हणजे पाखराचंही घेता येत नाही. मग त्या काय म्हणणार? धावदोरी. त्यांच्या मुली धावदोरी म्हणायला लागल्या. पुरुष मात्र जुनंच नाव घ्यायचे. एकाच घरात नवरा एक नाव घेतो, बायको दुसरं, आणि पाखरू दोन्हीकडं तेच. कुणाचं काही अडलं नाही.

ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं. आठ दिवस दवाखान्यात होती. त्या आठ दिवसांचं लिहायला मी बसलेलो नाही. एकच सांगतो. शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी तिला म्हणालो, "आता तरी एकदा नाव घे की माझं. इथं कोण ऐकतंय?"

ती म्हणाली, "गप बसा. नर्स ऐकंल." मग डोळे मिटून विचारलं, "धावदोरी आल्या का वं तळ्यावर?"

मी म्हणालो, "आल्या."

"खोटं बोलू नगासा," ती म्हणाली. "आजून गणपती बसलं न्हाईत, आन् धावदोरी आल्या व्हय!"

मरताना माणसं गोड बोलतात म्हणे. आमच्या घरात तसं काही झालं नाही. तिनं मला खोट्यात पकडलं आणि समाधानानं झोपली.

तिची शेवटची वाकळ अर्धी राहिली. सुई तशीच टोचलेली, दोरा लोंबता. सून म्हणाली, "मामा, मी पुरी करती." मी नको म्हणालो. तशीच अंगावर घ्यायला लागलो. सुई दोनदा टोचली, एकदा मांडीला, एकदा नको तिथं. सून म्हणाली, "मामा, आता तरी काढा, न्हाईतर दवाखान्यात काय टोचलं म्हणून सांगायचं?" त्यावर मला पहिल्यांदा हसू आलं. तेरावा होऊन तेव्हा दोन महिने झाले असतील. मी सुई काढली आणि टोपीच्या काठात आतल्या बाजूनं खोचली. तेव्हापासून ती तिथंच असते.

आता खरी गोष्ट. मागच्या हिवाळ्यात सांगलीहून पाखरं मोजणारी माणसं आली. त्यांच्यात एक कॉलेजात शिकवणारी ताई होती. गळ्यात दुर्बीण, पायात माझ्या जावयापेक्षा चांगले बूट. मी काठाला बसलेलो बघून जवळ आली. तिनं मला दुर्बिणीतून पाखरू दाखवलं. जन्मभर बघितलेलं पाखरू, पण त्याच्या पाठीवर खवल्यासारखी नक्षी असते हे मला त्या दिवशी कळलं. ताई म्हणाली, पुस्तकात ह्याला टिलवा म्हणतात. हे इथलं नाही. रशियाच्या पार वर, जिथं झाड उगवत नाही अशा बर्फाच्या मुलखात ह्याची अंडी-पिल्लं होतात. तिथून हजारो मैल उडून इथं येतं.

"एवढ्या लांबनं?" मी म्हणालो. "आमची लेक पुण्यात हाय, वर्षातनं एकदा येती. आन् तीबी गाडीनं."

ताई हसली. मग सांगितलं की तलावावर एक मोठी फळी लावायची आहे. पाखरांची चित्रं आणि खाली नाव. पुस्तकातलं बारीक अक्षरात, आणि गावात चालतं ते मोठ्या अक्षरात. तिनं वही उघडून दाखवली. माझं अक्षरओळखीचं काम अजून चालतं, जोडून जोडून वाचतो. त्या पाखराच्या पुढं मोठ्या अक्षरात माझं नाव होतं.

मी म्हणालो, "हे खोडा."

"का? चुकलंय का?"

"बरोबर हाय. पण खोडा."

ताईला कळेना. एवढ्यात माझा एक जुना सोबती तिथं आला. लहानपणी आम्ही एकत्र मेंढरं राखली आहेत. त्यानंच ते नाव वहीत घातलं होतं आणि त्याचा चेहरा लग्नघरातल्यासारखा झाला होता. "गड्या," तो म्हणाला, "म्हसवडच्या रस्त्यावरनं येणारा जाणारा वाचंल. जित्या माणसाचं नाव फळीवर कुणाचं लागतंय रं? पुढाऱ्याचं, न्हाईतर तुझं!"

"मला नगो."

"आरं फुकट मिळतंय तर घे की!"

मी ताईला धावदोरीची हकीकत सांगितली. मी तोंडाचा फटकळ, मला गोड करून सांगता येत नाही. म्हणालो, "बायकोनं नाव ठेवलंय. तेच लागलं पाहिजे. ती गेली, आता तिचं एवढंच बोलणं गावात फिरतंय. फळीवर एकदा माझं नाव लागलं की पोरी तेच वाचतील, आन् तिचं बोलणं दहा वर्षात मरंल."

ताई ऐकून घेत होती, पण शेवटी म्हणाली, "बाबा, मला वाईट वाटतं. पण एका घरातलं नाव फळीवर लावता येणार नाही. गावात चालतं तेच लावायचं ठरलंय. मी चावडीवर विचारलं, चहाच्या टपरीवर विचारलं, दूध डेअरीत विचारलं. सगळ्या माणसांनी हेच सांगितलं."

"माणसांनी म्हंजे बापय माणसांनी. बायकास्नी इचारलं का?"

ताईनं वहीची पानं मागं चाळली. स्वतः बाईमाणूस, वही घेऊन अख्खं गाव हिंडली आणि एका बाईला विचारलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. म्हणाली, "उद्या दुपारी येते."

रात्रभर मला घोर लागला. घरात चालतं ते माहीत होतं, भावकीत चालतं तेही माहीत होतं. पण परक्या बाईनं वही उघडून विचारल्यावर बायका काय सांगतील, सांगता येत नाही. बायका लाजल्या आणि गप्प बसल्या, तर संपलं.

दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या ओट्यावर सात-आठ बायका वाकळ पसरून शिवत बसल्या होत्या. मी समोर गेलो असतो तर सगळ्यांनी डोक्यावरून पदर ओढून माना खाली घातल्या असत्या. म्हणून मी कुडाच्या मागं उभा राहिलो. सोबतीही आला, पंचासारखा हात बांधून.

ताईनं मोबाइलवर फोटो दाखवला. "ह्याला काय म्हणता तुम्ही?"

बायका एकमेकींकडं बघून खुदखुदायला लागल्या. कुणी बोलेना. तेवढ्यात आमची थोरली वहिनी, माझ्या गेलेल्या भावाची बायको, बोळक्या तोंडानं मोठ्यांदा म्हणाली, "ह्ये व्हय? ह्ये तर आमच्या धाकट्या दिराचं नाव!" आणि माझं नाव खणखणीत घेतलं. वहिनीला अडचण नाही, ती थोरली. अख्ख्या भावकीत माझं नाव घेऊ शकणारी एकच बाई उरली आहे आणि ती नेमकी तिथं बसली होती.

सोबतीनं कुडाआड मला कोपर मारलं. "ऐकलंस?"

ताईनं वहीत बरोबरची खूण केली आणि बाकीच्यांकडं वळली. "आणि तुम्ही? तुम्ही पण हेच म्हणता?"

"अगं बाई!" माझी सून म्हणाली. "आमी कसं म्हणू? सासऱ्याचं नाव हाय ते."

"मग काय म्हणता?"

"धावदोरी," सून म्हणाली.

"धावदोरीच की," दुसरी म्हणाली. "आमच्या पोरीबी तेच म्हणत्यात."

"माझ्या माहेरात बी न्हेलंय मी त्ये," तिसरी म्हणाली, ती उंब्रजकडची. "तिकडं हे पाखरू न्हाई, पर एक जागी ठरंना अशा पोरीला आता धावदोरी म्हणत्यात."

आता सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ताईला लिहिताना पुरेना. तिनं वहिनीला विचारलं, "आजी, मग तुमचं काय लिहू?"

वहिनीनं सुईत दोरा ओवायचा थांबवला. "लिव्ह धावदोरी. दिराचं नाव मी रोज घेती, काय गोडी न्हाई त्यात."

ओटा हसण्यानं हादरला. कुडाआड मीही हसलो आणि खोकल्यासारखं केलं. पण बायकांना कळलं. पदर सरसर डोक्यावर गेले.

ताई कुडामागं आली. "बाबा, जिंकलात. हे नाव कुणी ठेवलं ते मला वहीत लिहून ठेवायचंय. त्यांचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. सत्तेचाळीस वर्षं मी तिला 'अगं' म्हणून हाक मारली. नाव घ्यायला तोंडाला वळणच नव्हतं. घशाशी आलं ते 'अगं'च आलं. ताईनं थोडी वाट बघितली आणि मग वही मिटली. शहाणी पोरगी. जाताना तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरात 'धावदोरी' लिहून माझ्या हातात दिलं. म्हणाली, पेंटरला असंच देणार आहे. तो कागद मी महिनाभर खिशात ठेवला. अक्षरन् अक्षर पाठ झालं.

फळी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या उजेडाला तिथं गेलो. चित्रं सुरेख होती. आमचं पाखरू खालच्या कोपऱ्यात, पायाशी थोडा चिखल काढलेला. खाली मोठ्या अक्षरात नाव. मी जोडून वाचलं. पुन्हा वाचलं. खिशातला कागद काढून शेजारी धरला.

पेंटरनं 'धावदौरी' लिहिलं होतं.

त्या बिचाऱ्याचा जन्म पुढाऱ्यांचे बोर्ड रंगवण्यात गेला. मंत्री आले की 'धावता दौरा', आमदार आले की 'झंझावाती दौरा'. त्याच्या हाताला 'दौ'चीच सवय. माझ्या बायकोचं पाखरू त्यानं दौऱ्यावर काढलं होतं.

मी त्याला फोन लावला. तो वाईला कुठल्याशा शाळेच्या भिंती रंगवायला गेला होता. "पंधरा दिवसांनी येतो बाबा. एक मात्रा तर जास्त हाय. कोण वाचतंय एवढं?"

"मी वाचतोय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

रंग अजून पुरता वाळला नव्हता. बोट लावलं की चिकट लागत होता. मी टोपी काढली, काठातली सुई ओढली आणि वरची एक मात्रा खरवडायला लागलो. सावकाश. शेजारच्या मात्रेला धक्का न लावता. वाकळेतली टाक्यांची चुकलेली ओळ उसवताना बायको असंच करायची, एकेक टाका उचलून, जीभ दातात धरून. माझी जीभ कधी दातात गेली मला कळलं नाही.

मागून सोबती ओरडला, "आरं, पंचायतीची फळी हाय! वरबाडतोस काय?"

"चूक उसवतोय."

"तुला काय कळतंय रं चुकीतलं? चौथी पास तू!"

"तू तिसरी नापास. गप उभा ऱ्हा आन् उजेड आडवू नगो."

तो सावली बाजूला घेऊन उभा राहिला. अर्धा तास लागला. मात्रा निघाली. तिथं एक पांढुरका ओरखडा राहिला आहे, ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतो. सुई मात्र वाकली. आता ती वाकळेच्या कामाची राहिली नाही. परत टोपीत खोचली.

दुपारी सून भाकरी घेऊन आली आणि फळीपुढं उभी राहिली. समोर चिखलात थवा पळत होता, नेहमीसारखा, मागं ठिपक्यांची रांग सोडत. सुनेनं बोट लावून मोठ्यांदा वाचलं, "धाव-दोरी." मग पदर सावरत माझ्याकडं वळली आणि हसून म्हणाली, "मामा, लागलं की वं तुमचं नाव फळीवर."

मी सोबतीकडं बघितलं. तो भाकरीकडं बघत होता.

"व्हय," मी म्हणालो. "तुझ्या सासूनं घेतलं."